'जब कोई बात बिगड जाए'ची चाल खरंच अमेरिकेतल्या मजुराच्या गाण्याची आहे का? लग्नात वाजवावं का नाही?

कपाशीवाला (दारव्हा)

राम राम मंडळी, गाण्यातल्या जाणकार लोकाइनं जरा सांगा. पुढच्या महिन्यात माह्या काकाच्या पोरीचं लग्न आहे. रिसेप्शनले नवरा-नवरी स्टेजवर येतात तेव्हा 'जब कोई बात बिगड जाए' लावायचं असं बंद्या घरानं ठरवलं होतं, आमच्याइकडं तर हे गाणं वाजल्याबिगर रिसेप्शन झाल्यासारखं वाटतच नाही, पंगतीत वाढणाऱ्या पोट्ट्याइले सुद्धा पाठ आहे. आता झालं असं का नागपूरले शिकणारी भाची सुट्टीत आली आणि तिनं मोबाइलवर एक इंग्रजी गाणं लावलं, '५०० माइल्स' नावाचं, एक बाई आणि दोन माणसं गिटारीवर हळूहळू म्हणून रायले. चाल तीच, म्हणजे सुराले सूर तीच! काकू सांजोऱ्या तळत होती, ती झारा हातात घेऊनच बाहेर आली, म्हणे हे तर आपलं गाणं, याले इंग्रजीत कोणं नेलं. भाची म्हणे आजी, उलटं आहे, त्यांचं आधीचं आहे, आपलं त्याच्यावरून केलं.

मंग काकूनं अर्थ इचारला. भाचीनं सांगितला का एक माणूस रेल्वेनं घरापासून लय दूर चालला, अंगावर धड शर्ट नाही, खिशात पैसा नाही, आणि अशा हालतीत घरी परत कसं जाऊ असं म्हणते. हे ऐकल्यावर काकूचा चेहराच उतरला. तिचं म्हणणं, पोरगी सासरी जाऊन रायली आणि आपण काय घरी वापस येता येत नाही असं गाणं लावायचं? दुसरं शोधा. आता घरात दोन पार्ट्या झाल्या. मले दोन्ही गाणे आवडले, खरं सांगतो, ते इंग्रजी ऐकून तर रात्री झोपच नाही लागली. पण नेमकं काय आहे ते माहीत पाहिजे. कोणाचं गाणं आहे हे, आणि आपल्या संगीतकार राजेश रोशननं ते घेतलं का कसं?

कॅसिओवाला (आर्वी)

भाऊ, भाची बरोबर बोलून रायली. मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो, लग्नाच्या सीझनमध्ये या गाण्याची फर्माइश आली नाही असा प्रोग्रॅम होत नाही. 'जुर्म' पिक्चर १९९० चा, महेश भट्टचा, संगीत राजेश रोशन, शब्द इंदीवरचे, गायलं कुमार सानू आणि साधना सरगमनं. मुखड्याची चाल त्या इंग्रजी गाण्याचीच आहे, त्यात काही वाद नाही.

आणि एक गंमत दाखवतो, घरी पेटी असेल तर लगेच करून पाहा. नुसत्या काळ्या पट्ट्यांवर अख्खा मुखडा निघतो, पांढऱ्या पट्टीला हात लावायची गरजच पडत नाही. म्हणजे सा रे ग प ध, पाचच सूर, मध्यम आणि निषाद नाहीच. आपल्या भूप रागाचे सूर हेच. भूप आहे असं मी म्हणत नाही, चलन वेगळं आहे, पण सूर तेच असल्यामुळं आपल्या कानाला हे गाणं परकं कधी वाटलंच नाही. लोकगीतं बहुतेक अशीच असतात, कमी सुरात फिरणारी, कारण ती शेतात, रस्त्यानं, काम करता करता म्हणायची असतात, त्यात अवघड जागा ठेवून चालत नाही. चाल खाली उतरते तिथं, म्हणजे साथ मागायची ओळ येते ना, तिथं ती मंद्र धैवताला, म्हणजे खालच्या सप्तकातल्या ध ला, जाऊन टेकते. इंग्रजीत बरोबर त्याच जागी गाडीची शिट्टी आहे. मी इतके वर्ष ती जागा वाजवतो आणि दर वेळी तिथं पब्लिक आपोआप शांत होते.

मास्तर (वाशिमकडचा)

मी इंग्रजी शिकवतो आणि अमेरिकन लोकगीतं हा माझा जुना नाद आहे, त्यामुळं जरा लांब लिहितो, सांभाळून घ्या.

'५०० माइल्स' हे गाणं हेडी वेस्ट नावाच्या बाईच्या नावावर आहे. जन्म १९३८, जॉर्जिया राज्य. हे जॉर्जिया म्हणजे तिकडचा कापसाचा पट्टा बरं का, आपल्यासारखाच. वडील डॉन वेस्ट कवी होते आणि मजुरांच्या संघटना बांधणारे कार्यकर्ते होते, आजी जुनी गाणी म्हणणारी, आणि ही पोरगी बँजो वाजवत वाजवत ती सगळी गाणी शिकली. कापसाच्या गिरणीत काम करणाऱ्या पोरींचं एक गाणंही ती म्हणायची. पुढं शिकायला न्यूयॉर्कला गेली, तिथं त्या काळात लोकगीतांची लाट आलेली होती, तिनं घरच्या मोठ्या माणसांकडून ऐकलेले तुकडे जोडून हे गाणं बांधलं आणि १९६१ च्या सुमारास ते तिच्या नावावर नोंदलं गेलं.

पण तुकडे कुठले? तर त्याच्याही आधी '९०० माइल्स' म्हणून एक गाणं दक्षिणेत फिरत होतं, त्याचीच 'रुबेनची गाडी' वगैरे भावंडं होती. जॉर्जियाच्याच फिडलिन जॉन कार्सन नावाच्या व्हायोलिनवाल्यानं १९२४ मध्ये त्यातलं एक रूप रेकॉर्ड केलेलं आहे, नंतर १९४४ ला वुडी गथ्री या लोकगायकानं केलं. ही सगळी गाणी घर सोडून रेल्वेनं कामाच्या शोधात गेलेल्या माणसांची आहेत. कोणी बांधली माहीत नाही, कुठं पाचशे मैल, कुठं नऊशे, पण घर लांब आणि गाडी पुढंच चाललेली, हे सगळ्यात सारखं.

तुमच्या भाचीनं लावलं ते पीटर, पॉल अँड मेरी या तिघांचं असणार, मेरी ही बाई, १९६२ च्या त्यांच्या पहिल्याच अल्बममध्ये आहे ते, आणि तो अल्बम तिकडं एक नंबरला गेला होता. त्याच्या आधी १९६१ ला जर्नीमेन नावाच्या ग्रुपनं केलं होतं आणि १९६३ ला बॉबी बेअरनं जरा शब्द बदलून म्हटलं, तेही खूप चाललं. म्हणजे एका वर्षा-दोन वर्षात हे गाणं जॉर्जियातून निघून जगभर गेलं.

अर्थ तुमच्या काकूला सांगितला तो बरोबर आहे, फक्त एक सांगायचं राहिलं. तो माणूस कोणाशी तरी बोलतोय. सुरुवातच अशी आहे की मी ज्या गाडीत बसलोय ती तुला सापडली नाही तर समज की मी गेलो. म्हणजे स्टेशनवर कोणीतरी येणार होतं. ते कोण, बायको का आई का प्रेयसी, हे गाणं सांगत नाही. मला वाटतं त्या एका मोकळ्या सोडलेल्या जागेमुळंच हे गाणं पुढं प्रेमगीत होऊ शकलं.

चाकणचा पोट्टा

मास्तर, तुमचं वाचून अंगावर काटा आला. मी मूळचा पुसदकडचा, इकडं एका कंपनीत कंत्राटी कामाले होतो. एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर काम गेलं, कंपनीनं बोलावून सांगितलं उद्यापासून येऊ नका, बोनस तर दूरच पण मागचा पगारही अडकला. रूमवरचे बाकीचे पोट्टे महाराष्ट्र एक्सप्रेसनं निघाले, कोणी वर्ध्याले उतरणार कोणी धामणगावले, मी त्याइले स्टेशनवर सोडाले गेलो आणि वापस आलो. घरी फोनवर सांगितलं का सुट्टी नाही भेटली. बाबाइले वाटलं पोरगं लय कामात आहे. तिकिटाचे पैसे कोणाजवळून उसने घेता आले असते, प्रश्न तिकिटाचा नव्हताच, मायसाठी लुगडं नाही, भाच्याइसाठी काही नाही, खाली हातानं दारात कसं उभं राहायचं. हेच ते. थो अमेरिकेतला माणूस शर्ट नाही म्हणते ना, थे शर्टाचं नाहीच.

नागपूर ते मुंबई रेल्वेनं ८३७ किलोमीटर आहे, आणि ५०० मैल म्हणजे ८०५ किलोमीटर. म्हणजे आपल्या इदर्भाच्या पोट्ट्याइचं गाणं आहे हे, एकदम मापाचं.

आणि मले एक वाटते, कोणी हसू नका. थो माणूस गाडीत बसून म्हणते का अशा हालतीत मी घरी येऊ शकत नाही. आणि आपल्या इंदीवरचं गाणं काय म्हणते? बिघडलं, अडचण आली, तरी मले साथ दे. चांदण्यात तर कोणीही संग चालते, तू अंधारात हात सोडू नको. म्हणजे त्या माणसाले जे बोलताच आलं नाही थेच हे गाणं बोलते. त्याच चालीवर. मी त्या दिवाळीले हेच घरी फोनवर म्हणालो असतो तर माय म्हणाली असती, ये बाप्पा, लुगड्याचं काय घेऊन बसला. कपाशीवाले भाऊ, तुमच्या काकूले हे सांगा.

संत्रानगरी

सगळं ठीक आहे हो, भावना समजल्या, पण दुसऱ्याची चाल घेतली तर नाव द्यायला पाहिजे का नाही? कॅसेटवर संगीतकार म्हणून एकच नाव छापलेलं होतं. ती बाई बँजो वाजवत गाणं बांधते आणि इकडं लाखो लग्नात ते वाजते आणि तिचं नाव एका माणसाला माहीत नाही, हे मला पटत नाही. २०१८ ला आतिफ अस्लमच्या आवाजात तेच गाणं परत आलं, तेव्हा तरी कोण बोललं तिच्याबद्दल. २००५ ला वारली ती.

बाकी ही गोष्ट काय नवीन नाही. 'इतना ना मुझसे तू प्यार बढा' ऐका, १९६१ चा 'छाया', तलत आणि लता. सलील चौधरींनी मोझार्टच्या ४० व्या सिंफनीची सुरुवात घेतली, ती १७८८ ची. 'छाया'च्याच वर्षी, १९६१ ला, अमेरिकन गायक एल्विसचं 'कान्ट हेल्प फॉलिंग इन लव्ह' आलं, ज्याच्यावर सगळं जग प्रपोज करते, त्याची चाल १७८४ च्या एका फ्रेंच गाण्याची, आणि त्या फ्रेंच गाण्याचा अर्थ काय तर प्रेमाचं सुख क्षणभर टिकते आणि दुःख जन्मभर. म्हणजे प्रेमगीत खोदत गेलं की खाली रडणंच सापडते. पण मोझार्टला काय फरक पडते, तो जाऊन दोनशे वर्षं झाली. ही बाई जिवंत होती १९९० ला.

भुलाबाईची लेक (अचलपूर)

नाव द्यायला पाहिजे होतं हे एकदम मान्य, त्यात दुमत नको. पण चाल कोणाची हा प्रश्न इतका सोपा नाही असं मला वाटते. मी लहानपणापासून भुलाबाईची गाणी म्हणत आली, भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी. आमच्या गल्लीत एक कडवं वेगळं, पलीकडच्या गल्लीत वेगळं, लग्न होऊन दर्यापूरला गेलेली आत्या आली की तिकडचं कडवं घेऊन यायची आणि पुढच्या वर्षी ते आमचंच व्हायचं. कोणत्या बाईनं पहिल्यांदा म्हटलं हे कोणाला ठाऊक. हेडी वेस्टनं जे केलं ते असंच आहे, घरातलं ऐकलं, जोडलं, स्वतःचं घातलं. तिचं श्रेय तिला मिळालंच पाहिजे पण तिच्या मागं कितीतरी बिननावाचे लोक उभे आहेत हेही तितकंच खरं.

आणि प्रेमगीत हे आपण पहिल्यांदा केलं असंही नाही. १९६२ मध्येच फ्रान्समध्ये रिशार आंतोनी नावाच्या गायकानं याच चालीवर 'मला गाडीची शिट्टी ऐकू येते' अशा अर्थाचं गाणं म्हटलं, त्या वर्षी उन्हाळाभर तिकडं तेच वाजत होतं. त्यात प्रेयसी गाडीनं निघून जाते आणि हा तिला निरोप द्यायला स्टेशनवर जातच नाही, हिंमतच होत नाही त्याची. म्हणजे अमेरिकेत गाडीत बसलेला बोलतो आणि फ्रान्समध्ये मागं राहिलेला. आपल्याकडं येता येता गाडीच गायब झाली आणि दोघंजण एकाच जागी उभे राहिले. मला तर हे फार सुंदर वाटलं.

'जुर्म' ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी, त्यात विनोद खन्ना पोलिस आहे, मीनाक्षी शेषाद्री त्याची बायको, आणि एका साक्षीदार बाईचं संरक्षण करता करता तो तिच्यात गुंततो. म्हणजे पिक्चरमध्येही हे गाणं सुखाचं सुख असं नाही. बात बिगड जाए म्हणतात आणि पुढं खरंच बिघडते. काकूंना एवढं मात्र सांगू नका!

अजून एक. कपाशीवाले दादा, तुम्ही दारव्ह्याचे, म्हणजे तुमच्या इथून शकुंतला रेल्वे जायची, यवतमाळ-मूर्तिजापूर. आमच्या अचलपूरचीही तीच, मूर्तिजापूरलाच मिळायची. १९९४ पर्यंत कोळशाच्या इंजिनावर चालत होती. ती कापूस न्यायलाच टाकलेली लाइन होती, वऱ्हाडातला कापूस मुंबईला आणि तिथून विलायतेला. आमचे आजोबा सांगायचे की रात्री वारा तिकडून असला की गाडी दिसायच्या किती आधी शिट्टी ऐकू यायची आणि त्या शिट्टीवर बाया चूल पेटवायच्या, कारण घरचा माणूस त्याच गाडीनं यायचा. शंभर मैलावर शिट्टी ऐकू येते हे त्या गाण्यात आहे ना, ते आपल्या म्हाताऱ्या माणसांना समजावून सांगावं लागत नाही. काकूंचं माहेर कुठलं आहे विचारा, कदाचित त्यांनाच तुमच्यापेक्षा जास्त लागेल ते गाणं.

कपाशीवाला (दारव्हा)

बापरे, इतकं भेटंल असं वाटलं नव्हतं. ताई, काकूचं माहेर कारंज्याचं, त्याच लाइनीवरचं! तुमचं आणि चाकणवाल्या भाऊचं बंदं काकूले वाचून दाखवलं (पिक्चरची स्टोरी सोडून). काही बोलली नाही, मंग म्हणे, माहे बाबा मले पयल्या दिवाळीले आणाले याच गाडीनं येत होते. आणि भाचीले म्हणे थे इंग्रजीवालं पुन्हा लाव. अर्थ समजत नव्हता पण शेवटपर्यंत ऐकलं तिनं. रिसेप्शनले वाजवाले आता तिची हरकत नाही, फक्त पाठवणीच्या टायमाले नको म्हणते, आणि थे तिचं मले पटलं.

चाकणवाले भाऊ, आता कसं आहे तुमचं? काम लागलं का? पगार भेटला का थो मागचा?

संत्रानगरी भाऊ, तुमचं नावाचं म्हणणं पण मनात बसलं. आमच्याइकडं स्टेजवर अँकरिंगले माहा मावसभाऊ असते, त्याले सांगून ठेवतो, गाणं लावाच्या आधी एक वाक्य बोलंल का ही चाल जॉर्जियाच्या हेडी वेस्टच्या गाण्याची आणि शब्द इंदीवरचे. कोणाले ऐकू येवो न येवो.

चाकणचा पोट्टा

लागलं भाऊ, दुसरीकडं लागलं, पर्मनंट नाही पण बरं आहे. मागच्या पगारातला अर्धा भेटला, अर्धा गेलाच समजा. या दिवाळीले जाऊन आलो.

कॅसिओवाला (आर्वी)

कपाशीवाले भाऊ, लाइव्ह वाजवणार असाल तर एक सांगतो. आमच्याकडं बहुतेक जण हे गाणं फार संथ घेतात, नवरा-नवरी स्टेजपर्यंत पोचून उभे राहतात आणि गाणं अर्धंही होत नाही, मग सगळे अवघडून बघत बसतात. केरवा तालाची लय किंचित चढी ठेवायला सांगा. आणि सुरुवातीला ढोलक नको, मुखडा एकदा नुसत्या गिटारवर किंवा कीबोर्डच्या गिटार टोनवर होऊ द्या, तोपर्यंत ते दोघं गेटपासून स्टेजपर्यंत येतात, मग दुसऱ्यांदा मुखड्याला ढोलक घ्या. गायिका असेल तर काळी चार पट्टी बघा, बाईला आणि माणसाला दोघांनाही झेपते, नाहीतर खालच्या धैवताला आवाज पोचत नाही आणि तीच तर या गाण्यातली खरी जागा आहे.